तीन नंबरचं सिलिंडर

"इंजिन ओरिजिनल आहे का?" असं विचारणारे फोन सध्या मला दिवसाला तीन-चार तरी येतात. पुण्याहून येतात, मुंबईहून येतात, एकदा तर थेट कोचीनहून आला. सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, भाच्यानं सरांची गाडी विकायची म्हणून तिचे फोटो कुठंतरी टाकले आणि खाली नंबर दिला माझा. काकूंना फोनवर बोलायचं नसतं, भाच्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी. फोन वाजतो तेव्हा मी बहुतेक चिकलठाण्याच्या माझ्या शेडमध्ये, सिलिंडर आतून घासायच्या होनिंग मशीनपाशी उभा असतो. हात तेलानं माखलेले असतात, उजवा गुडघा ठणकत असतो. मी मशीन बंद करतो, कोपरानं फोन उचलतो, प्रश्न ऐकतो आणि "हो, ओरिजिनल आहे" म्हणून ठेवून देतो. ते उत्तर खोटं नाही, पण पूर्णही नाही. पूर्ण सांगायचं तर आधी सर कोण होते ते सांगावं लागतं, आणि तेवढा वेळ फोनवरच्या माणसाला नसतो.

सर आम्हाला इंजिन शिकवायचे. खासगी टेक्निकल इन्स्टिट्यूट होतं ते. आता बंद पडलं, त्या जागेवर मंगल कार्यालय झालंय. सर उंच, हडकुळे, अंगात कायम निळा डगला. डगल्याच्या खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. जुन्या कॅलेंडरची पानं कापून ते स्वतः चिठ्ठ्या करत. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकच कायदा होता. माप तोंडानं बोलायचं नाही. कुठलाही भाग दोन माणसांनी वेगवेगळा मोजायचा, आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, घडी घालायची आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आकडे सारखे आले की सर म्हणायचे, "जुळल्या." नाही आले तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका क्रँकशाफ्टपायी त्यांनी आम्हाला सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोजायला लावलं होतं.

"कामून सर? एकानं मोजून दुसऱ्याला सांगितलं तर काय बिघडतं?" असं एका पोरानं विचारलं होतं.

"बोललेलं माप दुसऱ्याच्या कानात जातं," सर म्हणाले, "अन् मग त्याचा हात खोटं बोलतो. त्याला वाटतं मी मोजलं. मोजलं नाय, ऐकलं."

हा कायदा त्यांनी घरीही चालवला. गॅसची टाकी किती दिवस पुरेल, यावर नवरा-बायकोच्या चिठ्ठ्या. ताप आला तर थर्मामीटर दोघांनी बघायचा आणि लिहायचा. काकू वैतागायच्या, पण लिहायच्या. त्यांनीच मला सांगितलं होतं, "मला बघायला आले, तवा पोहे खाऊन झाल्यावर ह्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली हातात. म्हणले, पसंत आहे का नाय ते लिहा. मी म्हणलं, मग तुम्ही पण लिहा. आमचे वडील बघतच राहिले. दोघांनी लिहिलं, उघडलं. हे म्हणले, जुळल्या. झालं लग्न!" त्या दोन चिठ्ठ्या सरांनी बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. ज्या चिठ्ठ्या टाकवत नाहीत त्या त्या डब्यात जायच्या. डब्याला कुणी हात लावायचा नाही.

ऐकण्याचंही त्यांचं तंत्र निराळं. बाभळीची एक हातभर काठी होती. तिचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि डोळे मिटायचे. "कान फसतो, हाड नाय फसत," म्हणायचे. इंजिनाला ते 'खराब' असं कधीच म्हणत नसत, 'थकलंय' म्हणत. रिक्षाचं इंजिन आजारी वाटलं तर बसत नसत. सिडको ते मुकुंदवाडी एवढं अंतर ते यापायी चालत गेलेले मला माहीत आहे. सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसाच्या खिडकीवर टकटक करून "टॅपेट बघून घ्या" असं सांगायचे. त्याबद्दल एकदा शिव्याही खाल्ल्या. पण पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

आता गाडी. बुटकी, दोनच माणसांची, वरून उघडी, गडद हिरव्या रंगाची विलायती स्पोर्ट्स गाडी. छावणीत एक म्हातारे डॉक्टर राहायचे, त्यांची. मी दुसऱ्या वर्षाला असताना ती पहिल्यांदा इन्स्टिट्यूटच्या गेटातून आत आली, तेव्हा झाडून सगळा वर्ग बाहेर पळाला होता. इंजिन झिजलेलं होतं. चारी सिलिंडर वीस थाऊनं मोठी कापायची होती. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊचा भरतो. डॉक्टरांनी तेवढ्याच मापाचे पिस्टन इंग्लंडहून मागवून ठेवले होते. वर्षभर वाट बघून आलेले. सरांनी ते काम मला दिलं, कारण माझा हात थिर होता. बाकीची पोरं दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीत.

आणि मी ते बिघडवलं.

हे मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सिलिंडर कापायच्या त्या बोरिंग मशीनची डायल एका बाजूचं माप दाखवायची. म्हणजे चार थाऊ फिरवलं की दोन्ही बाजूंनी मिळून आठ कापलं जायचं. पहिल्या दोन सिलिंडरला मी ते बरोबर ध्यानात ठेवलं. तिसऱ्याचा शेवटचा कट राहिला होता, आठ थाऊचा. तेवढ्यात माझं लक्ष खिडकीकडं गेलं. खिडकीत माझे वडील उभे होते. ते गंगापूर-औरंगाबाद अशी काळीपिवळी जीप चालवायचे. त्या दिवशी आईनं दिलेल्या दशम्या पोचवायला ते जीपसकट, आतल्या अकरा प्रवाशांसकट गेटवर आले होते. त्यातले पाच-सहा प्रवासीही त्यांच्यामागून खिडकीत डोकावत होते. "माझं पोरगं. मशीन चालवतंय," असं वडील त्यांना सांगत होते. काचेतून ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. मी छाती फुगवली आणि डायल चारऐवजी आठ फिरवली. सोळा कापले गेले.

मी लगेच मोजलं. तीन नंबर अठ्ठावीसवर गेलं होतं. बाहेरच्या गिऱ्हाइकाचं काम बिघडवलं की नाव कट, हा इन्स्टिट्यूटचा नियम होता. आधीच्या वर्षी एक जण तसा गेलाही होता. चिठ्ठ्या उघडायला त्या दिवशी प्राचार्य स्वतः आले. गाडी विलायती होती ना! मी चिठ्ठीवर वीस लिहिलं. सर मोजत होते आणि मी मनातल्या मनात दशम्यांचं गाठोडं उचलून घरी निघालोही होतो. प्राचार्यांनी चिठ्ठ्या उघडल्या. "वीस. वीस. वा." सर म्हणाले, "जुळल्या."

त्यांची नजर चुकली असं मी समजलो. कधीही न चुकणारा माणूस नेमका त्या दिवशी चुकला आणि मी वाचलो. खरं सांगतो, त्या दिवसापासून माझ्या मनातला त्यांचा धाक जरा कमी झाला. तेवढा कृतघ्न मी होतो.

तिसरा पिस्टन सैल होता, तिथून तेल वर येऊन जळायचं, म्हणून गाडी पहिल्याच महिन्यापासून निळा धूर सोडायला लागली. सर दर रविवारी सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून छावणीत जायचे आणि तिची डागडुजी करून यायचे. असं कित्येक वर्षं चाललं. आम्हाला वाटायचं, सरांना गाडीचा नाद लागलाय. पुढं डॉक्टर परदेशात मुलीकडं कायमचे निघाले, तेव्हा गाडी सरांना देऊन गेले. सरांनी ती आणखी काही वर्षं चालवली. मग एकदा दौलताबादच्या घाटात तिसरा पिस्टन जाम झाला आणि गाडी दोरी बांधून मुकुंदवाडीला सरांच्या घरी आणावी लागली.

तोवर मी स्वतःची शेड टाकली होती. सर निवृत्त झाले होते. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं जायचो. पत्र्याखाली ती हिरवी गाडी, इंजिनावरचं टोपण उघडं, आणि आमचा ठरलेला वाद. इंजिन बदलायचं की हेच पुन्हा बांधायचं.

मी बदलायच्या बाजूचा. माझ्याकडं कारणांची कमी नव्हती. सुटे भाग मिळत नाहीत. पिस्टन बनवून घ्यायचे तर कोइमतूरला पाठवा आणि बसा वाट बघत. हल्ली बांधतो कोण? माझ्या शेडमध्येसुद्धा येणारा प्रत्येक जण म्हणतो, आज द्या, आत्ता द्या, नाहीतर बदलून टाकतो. एखादं छोटं जपानी इंजिन घेऊ, ब्रॅकेट मी करतो, आठवड्यात गाडी रस्त्यावर. हे सगळं खरंच होतं. पण माझं खरं कारण वेगळं होतं. इंजिन बांधायचं तर ते उघडावं लागतं, आणि उघडलं की मोजावं लागतं. सिलिंडरच्या अगदी तळाशी, जिथवर पिस्टनची रिंग पोचत नाही, तिथला धातू झिजत नाही. ज्या दिवशी कापला त्या दिवशीचं माप तिथं तसंच राहतं. माझे अठ्ठावीस थाऊ तिथं बसलेले होते.

सर माझं सगळं ऐकून घ्यायचे. "बघू," म्हणायचे. "घाई नाय." मग चहा. असे तीन वर्षांचे रविवार गेले. मी थकलो. शनिवारी रात्री झोपतानाच मला उद्याच्या त्या वादाचा कंटाळा यायचा, आणि गेलो नाही तर दिवसभर चैन पडायचं नाही.

मग सरांचे कान जायला लागले. आधी फोन ऐकू येईना, मग दाराची बेल. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार, मशीननं फार फरक पडणार नाही. आयुष्यभर इंजिनं ऐकलेला माणूस, पण तक्रार केली नाही. फक्त काठी दातात धरून घरातल्या मिक्सरवर, पाण्याच्या मोटारीवर टेकवून बघायचे. एका रविवारी मी निघालो तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या.

"एक बोलू का भाऊ?" त्या म्हणाल्या. "त्या गाडीचं काय ते एकदा करून टाका. कान आहेत तवर त्यांना तिचा आवाज ऐकू द्या. दुसरं काही मागत नाहीत ते."

"काकू, मी तर कधीपासून म्हणतोय बदलू. सरच बघू म्हणतात."

"ते उघडायचं म्हणतात. पण एकट्यानं मोजायचं नाय ना. मी म्हणलं, मी मोजते. तर म्हणले, ह्याला तोच लागतो." काकूंनी फाटकाची कडी लावली. "तुम्ही कामून टाळता, मला माहीत नाय. पण तुम्ही टाळता."

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. मी काय केलं असेल? जे आजवर करत आलो तेच. रोशन गेटकडं जुन्या इंजिनांचा धंदा करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी एक जपानी इंजिन दाखवलं, चालू करून दाखवलं. "कायको उस बुढ्ढे इंजिन को सता रै तुम?" चाचा म्हणाले. "ये डालो, चाबी मारो. घाट में मक्खन चलेगी. हौ बोलो, इतवार को टेंपो में लाता मैं." मी हौ म्हटलं. सरांना न विचारता.

रविवारी सकाळी टेंपो मुकुंदवाडीच्या गल्लीत शिरला. चाचांनी इंजिन उतरवलं आणि दोन दिवसांत कळवा म्हणून निघून गेले. सर बाहेर आले. इंजिनाभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर बसून त्यावर हात फिरवला. मी रागावण्याची वाट बघत होतो.

"चांगलंय," ते म्हणाले. "ह्याचं काय वाईट नाय. टाक."

माझा विश्वास बसेना. मी मोठ्यानं विचारलं, "टाकू?"

"टाक. मी पण लई दमलो हो-नाय करून." गाडीला धरून ते उठले. "पण जुनं काढायच्या आधी मोजावं लागंल. कामून काढलं ते लिहून ठेवायचं. न मोजता काही टाकत नसतात. शिकवलंय ना तुला?"

म्हणजे बदललं तरी सुटका नव्हती. तीन वर्षं मी ज्या दारातून पळायला बघत होतो, त्याच्या पलीकडंही तीच खोली निघाली.

दिवसभर आम्ही इंजिन उतरवलं, हेड काढलं, पिस्टन काढले. जाम झालेला तिसरा लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून ठोकून काढावा लागला. चारी सिलिंडरांचा मोकळा ब्लॉक पुढच्या खोलीत जुन्या चादरीवर ठेवला आणि शेजारी सिलिंडर आतून मोजायचं गेज. "झोपू दे दोघांना एका खोलीत," सर म्हणाले. धातू आणि गेज दोन्ही एकसारखी गार झाली नाहीत तर माप खोटं येतं. हे त्यांचं नेहमीचं. सोमवारी शेड बंद ठेवून मी सकाळी पुन्हा गेलो.

काकू चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या, पण दिला नाही. गरम कप धरलेल्या हातानं मोजायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. सरांनी नव्या दोन पेन्सिली टोकून ठेवल्या होत्या. पहिलं सिलिंडर, तळाशी. मी मोजलं, लिहिलं. त्यांनी मोजलं. बोटं थरथरत होती, डायल वाचायला भिंग लागत होतं. उघडलं. वीस, वीस. दुसरं, वीस, वीस. मग तिसरं सोडून ते चौथ्याकडं गेले. वीस, वीस.

"आता तीन," म्हणाले. "तू आधी."

मी गेज आत सोडलं. काटा अठ्ठावीसवर जाऊन थांबला. मी पुन्हा सोडलं, पुन्हा तिथंच. माझ्याच हातचं होतं, ते कुठं जाणार!

पेन्सिल हातात घेतली. या माणसाला नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, त्याचा हात कापत होता. वीस लिहिलं असतं तर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. त्यांच्या चिठ्ठीत वेगळा आकडा आला तरी मी म्हणालो असतो, सर, हात हलला तुमचा. ब्लॉक संध्याकाळी चाचांच्या टेंपोत गेला असता आणि विषय संपला असता. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझ्या हाताखाली सहा माणसं काम करतात. मला त्या चिठ्ठीची एवढी भीती वाटावी याची लाज वाटली. आणि नुसती लाज नाही, थकवाही आला. तीस वर्षं एक आकडा लपवून धरायचा म्हणजे हात दुखतो.

मी लिहिलं, अठ्ठावीस. खाली लिहिलं, 'माझ्याकडून जास्त कापलं गेलं. मला त्याच दिवशी माहीत होतं.' घडी घातली.

सरांनी गेज घेतलंच नाही. ते भिंतीतल्या कपाटापाशी गेले, बिस्किटाचा डबा काढला. काकू पुढं झाल्या. लग्नाच्या चिठ्ठ्यांखाली आणखी एक घडी होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटायला आलेली. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझी घेतली.

"उघड."

कॅलेंडरच्या पानाची चिठ्ठी. पेन्सिल फिकट झाली होती, पण अक्षर सरांचंच. 'तीन नंबर. २८.'

माझी चिठ्ठी भिंगाखाली धरून ते किती तरी वेळ वाचत होते. मग दोन्ही शेजारी शेजारी चादरीवर ठेवल्या.

"जुळल्या," ते म्हणाले.

मला रडू आलं. उगाच आडवळणानं कशाला सांगू, मी ब्लॉकला धरून ढसढसा रडलो. काकूंनी चहा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. काय झालंय ते त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

माझ्या रडक्या आवाजातलं सरांना ऐकू यायचं नाही म्हणून मी चिठ्ठीवर लिहिलं, 'मग त्या दिवशी वीस का लिहिलं?'

"तुझ्या वडलांना खिडकीशी मीच आणलं होतं," सर म्हणाले. "गेटवर उभे होते बिचारे, आत येऊ का नको करत. मला लई कौतुक वाटलं. म्हणलं या, बघा पोराला. कट चालू असताना मशीनवरच्या माणसासमोर कुणाला उभं करायचं नसतं. हे मीच शिकवतो अन् मीच केलं. तुझं नाव कट झालं असतं. माझं कोण कापणार? डॉक्टरसाहेबांना दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. म्हणलं, माझ्या मापात खोट आहे, इंजिन काढून तिसऱ्याला लायनर टाकून देतो. ते म्हणले, चालतंय तवर चालू द्या. चालत तर होतं. म्हणून मी रविवारी जात होतो."

मी पुन्हा लिहिलं, 'मला एकदा तरी बोलायचं सर. तीस वर्षं!'

त्यांनी ती चिठ्ठी वाचली आणि थोडंसं हसले.

"माप बोलायचं नसतं," म्हणाले. "मी बोललो असतो, तर तू फक्त व्हय म्हणला असतास. ते तुझं माप नसतं झालं." दोन्ही चिठ्ठ्यांची त्यांनी एकच घडी घातली आणि डब्यात ठेवली. "आता सांग. बदलायचं का बांधायचं?"

ते मला लिहावं लागलं नाही.

चाचा त्यांचं इंजिन घेऊन गेले, बडबडत गेले. माझं पुढचं सहा-सात महिन्यांचं सगळं रविवारचं बळ त्या ब्लॉकमध्ये गेलं. तिसऱ्या सिलिंडरला लायनर, म्हणजे आतून लोखंडी नळी, टाकून ते बाकी तिन्हींच्या मापावर आणलं. ते मी स्वतः कापलं, शेडचं दार आतून लावून. सर शेजारी खुर्चीवर बसून होते, खिडकीकडं पाठ करून.

माघातल्या एका सकाळी ते सुरू झालं. तोवर सरांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी बाभळीची काठी ब्लॉकवर टेकवली, दुसरं टोक दातात धरलं आणि डोळे मिटले. काठी एक नंबरवरून दोनवर, दोनवरून तीनवर. तिथं थांबली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. डोळे न उघडता त्यांनी तीन बोटं वर केली आणि मान हलवली. त्याच आठवड्यात काकूंना शेजारी बसवून ते वेरूळला जाऊन आले. गाडीत दोघांपुरतीच जागा, म्हणून मी मागून स्कूटरवर. सगळ्या घाटभर माझं लक्ष गाडीच्या मागच्या नळीवर होतं. धूर नव्हता.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. काकूंना गाडी चालवता येत नाही आणि पत्र्याखाली नुसती उभी बघवतही नाही. "चालवणाऱ्याकडं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पण विचारतील ते खरं सांगा." मी मान हलवली होती आणि फोनवर नुसतं हो म्हणून मोकळा होत होतो.

काल कोल्हापूरहून एक फोन आला. वयस्कर माणसाचा आवाज, घाई नसलेला. नेहमीचाच प्रश्न, इंजिन ओरिजिनल आहे का. मी मशीन बंद केलं, हात पुसले, स्टूल ओढून बसलो.

"इंजिन तेच आहे," मी म्हटलं. "पण तीन नंबरच्या सिलिंडरला लायनर आहे. मी शिकाऊ असताना ते आठ थाऊ जास्त कापलं होतं, आणि लपवलं होतं."

माझी सहाही माणसं काम थांबवून माझ्याकडं बघत होती.

"असं कुणी सांगत नाही हो," तो माणूस म्हणाला. "मी रविवारी येतो बघायला. येताना काही आणू का?"

"तुमचं गेज आणा," मी म्हटलं. "दोघं वेगवेगळं मोजू. आणि आत्ता सांगितलेला आकडा विसरून या."